कपाशीविजय, अध्याय पाचवा

अमरावती,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १७८५

प्रिय जानराव,

मैनामावशीच्या पायांवर डोकं, तुझ्या पाठीत एक धपका, आणि आता कामाचं लिहितो.

खामगावाकडे रिकामी चाललेली एक बंडी तुमच्या सावरखेडावरून जाणार आहे. त्या गाडीवानाच्या हाती एक बासन पाठवलं आहे. त्यात माझा ग्रंथ आहे. हसू नकोस. शाळामास्तराने ग्रंथ लिहू नये असा काही सरकारचा हुकूम नाही. नाव ठेवलं आहे ‘कपाशीविजय’. कपाशीचं बी कसं निवडावं, वखरणी किती करावी, बोंड कधी वेचावं, अडत्याकडे माल नेताना काय सांभाळावं, सगळं आहे. आणि सगळं ओवीत आहे. आपल्याकडे वाचणारे किती? पण ऐकणारे सगळे. ओवी कानात राहते, म्हणून हा खटाटोप. नऊ अध्याय झाले. सुरुवातीला श्रीगणेशाय नमः घातलं आणि शेवटी फलश्रुतीही जोडली, नाहीतर ग्रंथ भादरल्यासारखा दिसतो.

दिवाळीनंतर मुंबईचा एक छापखानेवाला हा ग्रंथ दगडावर घेणार आहे. एकदा दगडावरून छापून गावोगाव गेला, की चूक झाली म्हणून मी कोणाकोणाच्या मागे धावू? म्हणून आधी कोणीतरी खडसावून वाचायला हवं. इथे तसा माणूस मिळत नाही रे. आमच्या शाळेचे हेडमास्तर वामनराव यांना दिला, त्यांनी सगळे अनुस्वार नीट केले आणि ‘रसाळ’ असा शेरा मारला. एका अडत्याला दिला, तो म्हणाला, ‘वा वा, आमचंही नाव कुठे घालता का?’ झालं! कसलं वाचन आणि कसलं काय.

तू तसा नाहीस. माझ्या लग्नात तू नवरदेवाच्या घोड्यालाही नावं ठेवली होतीस, आणि ती खरी होती, घोडा लंगडाच होता. शिवाय आपण एकाच ओट्यावर धुळाक्षरं गिरवली, तुला बाळबोध वाचता येतं, आणि तुझं वावर आहे. माझं काय, खडू आणि फळा. तेव्हा मावसभाऊ म्हणून भीड ठेवू नकोस. कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, कुठे मी चुकलो, ते स्पष्ट लिही. नावं ठेव. तेवढ्यासाठी पाठवतो आहे.

वाटेत धूळ लागू नये म्हणून दुर्गाबाईने आपल्या लाल खणात ते बांधून दिलं आहे. खण परत पाठव, नाहीतर ती मला जेवू घालणार नाही.

तुझा
शालिकराम


सावरखेड,
चैत्र शुद्ध द्वादशी, शके १७८६

शालिकरामा,

रामराम. तुह्यासारखं शुद्ध मले लिहिता येत नाई. बोलतो तसं लिहितो, तू फळ्यावर काढून घे.

तुहं बासन आलं. पण लेका, दुर्गावहिनीनं लाल खणात बांधून मोठा घोळ केला. बंडीवाल्यानं ते मायच्या हाती देल्लं. लाल कापड, आत लांब लांब पानं, वर श्रीगणेशाय नमः. मायले काय वाटणार? तिनं पाट मांडला, त्यावर पोथी ठेवली, हळदकुंकू वाह्यलं अन् मले म्हणे, ‘आधी आंघोळ करून ये.’ मी म्हटलं, ‘अवं माय, हे आपल्या शालिकरामानं लिवलं, पऱ्हाटीचं हाये.’ तर म्हणे, ‘पोथी कोणीतरी लिवतेच ना? आभाळातून पडते काय?’

मंग रोज संध्याकाळी अंगणात मी वाचतो अन् माय ऐकते. माय ऐकते म्हणून शेजारच्या बाया येते, बाया येते म्हणून गडीमाणसं येते. तू म्हणतो कंटाळा कुठी आला? तिसऱ्या अध्यायात आला. आधी गणपतीले नमस्कार, मंग सरस्वतीले, मंग सरकारले, मंग रुई दाबायच्या यंत्राले. इतके नमस्कार करेपर्यंत लोकं पेंगून राह्यले होते. ते काढ. बी निवडायचा अध्याय मातर बेस हाये. शेणात अन् मातीत सरकी चोळायचं तू असं लिवलं का बायाच हसल्या, म्हणे यानं कधी चोळली?

आता एक मोठी गोष्ट. राग नको धरू, तूच म्हणला नावं ठेव. पाचव्या अध्यायात तू लिवलं:

ज्वारी कासया पेरावी। दाण्यास्तव भुई गुंतवावी।
कपाशी विकून आणावी। ज्वारी सुखे॥

हे काय लिवलं बाप्पा? दाणा आणशीन बाजारातून, मानलं. पण कडबा कुठून आणू? माह्या बाशिंग्याले अन् हिऱ्याले रोज वैरण लागते. बैल काय रुपये खाते? सगळ्यांनीच ज्वारी सोडली तर विकत तरी कोण देणार? हे नीट पाय.

खण मायनं परत देल्ला नाई. म्हणते, बासन सोडलं तर पोथीचा अपमान होते.

तुहा
जानराव


अमरावती,
चैत्र वद्य दशमी, शके १७८६

प्रिय जानराव,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नमस्कारांचं तुझं म्हणणं बरोबर आहे, दोन काढले. सरस्वतीचा ठेवला, मास्तर आहे मी.

पण पाचव्या अध्यायाचं तुला समजलंच नाही. राग नाही, पण वाईट वाटलं. अरे, तू वावरात उभा राहून बघतोस, मी जरा लांबून बघतो. अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस बंद आहे, आणि विलायतेच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडाकडे तोंड करून बसल्या आहेत. शाळेत वर्तमानपत्र येतं, त्यात लिहिलं आहे की ही लढाई लवकर आटोपणारी नव्हे. कापसाला असा दिवस पुन्हा येणार नाही. आणि तू कडब्याचं घेऊन बसलास! कडबा काय, शेजारच्या गावाहून येईल. सगळं वऱ्हाड थोडंच माझं ऐकणार आहे?

शिवाय खरं सांगू का, ती ओवी सगळ्या ग्रंथात उत्तम उतरली आहे. वामनराव म्हणाले, ‘शालिकराम, या एका ओवीवर तुमचं नाव राहील.’ ती काढली तर पाचव्या अध्यायाचा कणाच मोडतो. तिच्यावरच पुढच्या सगळ्या ओव्या उभ्या आहेत.

तेव्हा शेतीच्या हिशेबात फार न शिरता भाषा, गोडी, ऐकायला कसं वाटतं, एवढं मला सांग. आणि स्पष्टच सांग हं, भीड नको.

मावशीला म्हणावं, पूजा पुरे, ग्रंथ वाचण्यासाठी आहे. दुर्गाबाई खणाचं रोज विचारते.

तुझा
शालिकराम


सावरखेड,
आषाढ शुद्ध तृतीया, शके १७८६

शालिकरामा,

रामराम. पेरणीच्या घाईत पत्राले उशीर झाला.

तुहा ग्रंथ फार बेस हाये. भाषा गोड हाये. ऐकायले चांगलं वाटते. नावं ठेवायले काई नाई.

तू समजावून सांगतलं ते समजलं. तू शिकला-सवरला माणूस, वर्तमानपत्र वाचतो, मी बैलाच्या शेपटामागं चालणारा. तू लिवलं म्हणजे बरोबरच असन. अन् तसंही आता मी काय बोलू? तुहं पत्र येण्याआधी एकदा वाचता वाचता मीनं म्हटलं, ‘ही ओवी काई पटत नाई.’ तर मायनं दोन्ही हात कानावर ठेवले. शेषराव पाटील होते तिथं, ते म्हणे, ‘जानराव, पोथी चालू असताना मधात बोलत नसते.’ मी गुमान पुढं वाचलं.

मायनं आता पारायण धरलं. तुही ती फलश्रुती हाये ना शेवटी,

जो हा ग्रंथ ऐकेल भावे। सांगितले तैसे वागावे।
त्याचे घरी लक्ष्मीने यावे। न बोलाविता॥

ते तिच्या मनात बसली. म्हणते, नुसतं ऐकून फळ भेटत नाई, ‘सांगितले तैसे वागावे’ असं साफ लिवलं हाये. तिनं मले नारळ फोडून संकल्प करायले लावला. नदीकडचं ज्वारीचं वावर होतं, त्यातही सरकी पेरली. गावातल्या बहुतेकांनी तसंच केलं. पारायण सगळ्यांनी ऐकलं होतं ना.

पीक उगवून आलं. पाणी चांगलं हाये. बैल ठीक हायेत.

तुहा
जानराव


अमरावती,
भाद्रपद शुद्ध अष्टमी, शके १७८६

प्रिय जानराव,

अरे, हे काय पत्र लिहिलंस? ‘भाषा गोड आहे, नावं ठेवायला काही नाही.’ हे तू लिहिलंस यावर माझा विश्वास बसत नाही. वामनरावांनी लिहिलं असतं तर समजलो असतो. तुझ्याकडूनही असंच यायचं असेल तर मी कोणाकडे जाऊ? रागावलास का? माझ्या मागच्या पत्रात काही जास्त बोललो असेन तर सोडून दे. मी काही तुझं तोंड बंद करायला लिहिलं नव्हतं. मी आपलं समजावून सांगितलं.

पारायणाचं वाचून मात्र खूप हसलो. दुर्गाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बघा, माझ्या खणाचा महिमा.’ हसू येतं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? माणसं ऐकतात, पाठ करतात, त्याप्रमाणे वागतात. वामनरावांना सांगितलं, तेही म्हणाले, ‘ग्रंथ लोकांनी उचलला, आता परीक्षा कसली करता?’

तरी मला ती परीक्षा हवीच आहे. कोणत्या ओवीला लोक हसले, कुठे कुजबुजले, कोण मध्येच उठून गेला, एवढं तरी लिही. नाहीतर मी भिंतीला वाचून दाखवलं आणि तुला दाखवलं यात फरक काय?

दिवाळीपर्यंत माझी पानं परत पाठव. माझ्याकडे आता नुसती कच्ची पानं आहेत, आणि छापखानेवाल्याला त्याच पक्क्या पानांवरून दगडावर घ्यायचं आहे.

तुझा
शालिकराम


सावरखेड,
पौष शुद्ध दशमी, शके १७८६

शालिकरामा,

रामराम. रागावलो नाई. घरातल्या माणसावर काय रागवायचं?

कापूस वेचून झाला. यंदा पऱ्हाटी छातीएवढी झाली होती. खामगावच्या बाजारात बंड्या उभ्या करायले जागा नव्हती, अन् अडते अंगावर धावून येत होते, ‘आमाले द्या, आमाले द्या.’ असा भाव माह्या बापानं ऐकला नसन. मायनं मारोतीले नवा शेंदूर चढवला. शेषराव पाटलांनी बंडीले चांदीच्या फुल्या ठोकल्या. लोकं म्हणते, पोथी पावली. मले पाहून आता कोणी जानराव म्हणत नाई, ‘पोथीवाले’ म्हणते.

तुही पानं मातर भेटणार नाईत. मायनं ती देवघरात ठेवली. चार गावांतून माणसं येऊन बसून उतरून घेऊन गेली. लाखपुरीच्या एकानं तर रंगीत वेलबुट्टी काढून पूर्ण पोथी केली. तुहं नाव शेवटच्या पानावर होतं ना, ‘शालिकरामकृत’? उतरवणाऱ्यानं ते ‘शालिकरामस्वामीकृत’ केलं. मी सांगतलं का तो स्वामी नाई, अमरावतीचा मास्तर हाये, माहा मावसभाऊ हाये. कोणी ऐकलं नाई. छापखान्याचं तू कच्च्या पानावरून भागव.

तू म्हणतो लोकं कुठी कुजबुजले ते लिही. कोणी कुजबुजत नाई, शालिकरामा. हात जोडून बसते.

घरामागं दरसाल कडब्याची गंजी राहे. लहान होतो तेव्हा आपण तिच्यावरून उड्या मारत होतो. यंदा तिथं मोकळं अंगण हाये. थोडं तुरीचं कुटार-भुसा हाये, जुना कडबा हाये, तो होळीच्या पुढं काई जात नाई. पाहू. पैसा हाये, कुठूनतरी घेऊ.

दुर्गावहिनीले नवा खण पाठवतो बंडीवाल्याच्या हाती. जुना आता मागू नका.

तुहा
जानराव


अमरावती,
चैत्र शुद्ध षष्ठी, शके १७८७

जानराव,

पत्र मिळताच उत्तर लिही. बैल कसे आहेत?

शाळेत आलेलं वर्तमानपत्र मी तीन दिवस घरी कोणाला दाखवलं नाही. अमेरिकेतली लढाई संपत आली आहे. मुंबईत कापसाचा भाव असा कोसळला की पेढ्यांना कुलपं लागत आहेत. इथले अडते तोंड लपवून बसले आहेत. ज्याने मला ‘आमचं नाव घाला’ म्हटलं होतं तो आता रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूने जातो. आणि वामनराव? ते म्हणाले, ‘मी तर फक्त अनुस्वार पाहिले होते.’ खरंच आहे. त्यांनी तेवढेच पाहिले होते.

पण भावाचं एक वेळ जाऊ दे. काल बडनेऱ्याकडून येताना रस्त्याच्या कडेला बैल पाहिले. फासळ्या दिसत होत्या. गाडीवानाला विचारलं, तर म्हणाला, ‘मास्तर, कडबा सोन्यानंही भेटत नाई. औंदा ज्वारी पेरली कोण?’ मी तिथेच उभा राहिलो. तुझे शब्द होते ते. ‘सगळ्यांनीच ज्वारी सोडली तर विकत तरी कोण देणार?’ तुझ्या पहिल्याच पत्रात होते. मी सगळ्यांकडे चुका मागत फिरलो, आणि एक माणूस खरी चूक दाखवायला आला तर त्यालाच शिकवत बसलो. कण्याचं काय घेऊन बसलो होतो रे मी? ओवीचा कणा!

छापखान्याचं काम मी थांबवलं आहे. पाचवा अध्याय फाडून टाकला. पण तो इथला. तुमच्याकडचा कसा फाडू?

सोबत एक चिठ्ठी आहे. तिच्यावर नवी ओवी लिहिली आहे:

ज्वारी आधी पेरावी। बैलांची वैरण राखावी।
मग उरल्या भुई लावावी। कपाशी सुखे॥

ही जुन्या ओवीवर खळ लावून चिकटव. ज्यांनी उतरून नेली त्यांनाही सांग. मावशीला सांग, माझी चूक झाली, मी लिहिणारा स्वतः सांगतो आहे. पुढच्या पेरणीच्या आधी एवढं झालंच पाहिजे. तुझ्या पाया पडतो.

शालिकराम


मेळघाटच्या पायथ्याशी,
वैशाख वद्य चतुर्थी, शके १७८७

शालिकरामा,

तुहं पत्र मले इथं भेटलं. पाटलाच्या गड्यानं आणून देल्लं. मी बैल घेऊन जंगलात आलो. गावात वैरण संपली. घराच्या छपराचं जुनं गवत काढून टाकलं तेही खाल्लं त्यांनी. चार गावं फिरलो, पैसे घेऊन फिरलो, लोकं हसले. म्हणे, ‘पोथीवाले, तुमीच सांगतलं ना ज्वारी पेरू नका.’

बाशिंग्या गेला.

घाट चढत होतो. तो आधीच बसून बसून चालत होता. एका ठिकाणी बसला तो उठला नाई. हिऱ्या बाजूले उभा होता, मी त्याले पुढं ओढलं तर येईना. म्हणून आमी तिघंही तिथंच राह्यलो, रात्र होईपर्यंत. तू त्याले पाह्यलं होतं. लहान वासरू होता तेव्हा तू त्याच्या कपाळावरची बाशिंगासारखी पांढरी रेघ पाहून नाव ठेवलं होतं त्याचं. मी तुले दोष देत नाई. मी एकदा बोललो अन् गप बसलो. दुसऱ्यांदा बोलायले पाहिजे होतं. तू मले भाऊ समजून इचारत होता, अन् मी तुले मास्तर समजून गप बसलो.

आता तुही चिठ्ठी. इकडं निघायच्या आधी पाटलाच्या गड्यानं ती घरी मायले वाचून दाखवली. तो म्हणते, मायनं ऐकलं अन् म्हणे, ‘पोथीले ठिगळ लावते काय कोणी? ठिगळ गोधडीले लावते.’ चिठ्ठी तिनं चुलीत नाई टाकली, इतकंच. देवघरात ठेवली, पण पोथीच्या खाली.

अन् ऐक, हे महत्त्वाचं. गावात म्हणून राह्यले का गेल्या साली पारायण बाटलं, शेषरावांच्या घरी सुतक होतं तरी ते येऊन बसले, म्हणून भाव पडला अन् बैल मेले. पोथी चुकली असं कोणाच्या मनातही नाई. आता पेरणीआधी पुन्हा पारायण, अन् पुन्हा सगळ्या वावरात कपाशी. पुन्हा! या वर्षी असं झालं तर हिऱ्याही राहणार नाई, कोणाचाच राहणार नाई.

माह्यावर कोणी विश्वास ठेवत नाई. तू ये. लिवणारा तू हाये. तू स्वतः पाटावर बसून सांगशीन तर ऐकतीन. नाई कसे ऐकतीन?

हे पत्र चांदूरच्या बाजाराले वांगी घेऊन चाललेल्या माळ्याजवळ देतो. तो अमरावतीच्या गाडीवर देईन.

जानराव


सावरखेड,
ज्येष्ठ वद्य नवमी, शके १७८७

प्रिय जानराव,

तुझ्याच घरात, तुझ्याच ओसरीवर बसून लिहितो आहे. तू अजून डोंगरातून उतरला नाहीस. हिऱ्या बरा आहे असं पाटलाचा गडी म्हणाला, ते ऐकून जरा बरं वाटलं. तुला सगळं कळलं पाहिजे म्हणून लिहितो.

शाळेतून रजा घेऊन आलो. मावशीने मला दारातच ओवाळलं. मी म्हटलं, ‘मावशी, मी तुमचा शालिकराम.’ तर म्हणाली, ‘माह्यासाठी तू शालिकरामच हायेस, पण पारायणाच्या दिवशी आला म्हणजे तुले काई सांगणं आलं असन.’ मी म्हटलं, खरंच सांगणं आलं आहे, मावशी, ती पाचव्या अध्यायातली ओवी चुकली आहे, मीच चुकलो. ती हसली. हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, ‘आधी पाय धू.’

काल संध्याकाळी अंगण भरलं होतं. पाटील, बाया, लहानसहान, लाखपुरीचेही लोक आले होते. घरामागच्या मोकळ्या अंगणातही माणसं बसली, जिथे गंजी असायची तिथे. आजपर्यंत तू वाचायचास, काल मला पाटावर बसवलं. मी मनाशी ठरवलं होतं की भाषण करायचं नाही. सांगून कोणी ऐकत नाही हे तुझ्या पत्रांवरून कळलं होतं. वाचता वाचता पाचव्या अध्यायात आलो की नवी ओवीच म्हणायची. पोथीतूनच म्हणतो आहे असं म्हणायची. ती एकदा कानात गेली की झालं.

आलो पाचव्या अध्यायात. पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, ‘ज्वारी आधी पेरावी. बैलांची वैरण राखावी...’

मग बायांच्या बाजूने एक आवाज आला, हळूच. ‘चुकले.’ मग पाटील म्हणाले, ‘मास्तर, दमले दिसता. तसं नाई ते.’ आणि जानराव, सगळं अंगण एका सुरात म्हणालं, माझ्याहून गोड म्हणालं, एक अक्षर न चुकता:

ज्वारी कासया पेरावी। दाण्यास्तव भुई गुंतवावी।
कपाशी विकून आणावी। ज्वारी सुखे॥

मी म्हटलं, ‘अहो, मी लिहिली आहे ही पोथी! माझी चूक झाली होती! बैल मेले ते या ओवीमुळे मेले!’ मी ओरडत होतो, रडतही होतो बहुतेक. कोणी रागावलं नाही रे. रागावले असते तर बरं झालं असतं. पाटलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एका बाईने पाणी आणून दिलं. मावशी जवळ येऊन बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, ‘असं नाई म्हणायचं बाळा. तू लिवली ना, मंग तुहं काम झालं. आता ते आमची हाये.’

वर्षभर मी सगळ्यांना म्हणत होतो, माझी चूक दाखवा. शेवटी काल माझी चूक दाखवणारी माणसं मला भेटली, आणि ती मी दुरुस्त केलेल्या जागी भेटली. पुढचं सगळं मी वाचलं. जुनी ओवी म्हणूनच पुढे गेलो. दुसरं काय करणार होतो?

आज पहाटे तुझ्या नदीकडच्या वावरात तिफण जुंपली. तुझे बैल नाहीत म्हणून पाटलांनी आपले दिले, तेही हाडांचे सापळे. मावशीने रात्रीच शेणमातीत सरकी चोळून ठेवली होती. मी बांधावर उभा होतो, निघून जावं असा विचार करत होतो. तेवढ्यात तिने मला हाक मारली. पहिली मूठ पोथी लिहिणाऱ्याच्या हातची पडली पाहिजे म्हणे. सगळे माझ्याकडे बघत होते, हात जोडून. मी म्हटलं, मावशी, मला नको. तिने माझा हात उघडला आणि त्यात सरकी ठेवली.

मी ती मूठ तिफणीमागच्या सरत्याच्या नळीत सोडली, जानराव. हात अजून शेणाने माखलेला आहे, या कागदालाही लागलं आहे. आता तू मला नावं ठेव, जी येतील ती ठेव. या वेळी मी समजावणार नाही.

तुझा
शालिकराम